ऑइल चेंजचं दुकान टाकताय? आधी गिऱ्हाईकाच्या स्टुलावर बसून बघा



“सर, ऑइल चेंजचं छोटं दुकान टाकायचं म्हणतो. किती भांडवल लागेल?” आपल्या नागपूरच्या बॅचमध्ये हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा कुठल्या तरी गॅरेजमध्ये तीन-चार वर्षं काम केलेला मुलगा असतो. हात बसलेला असतो, रिंग रोडला किंवा मानेवाड्याकडे एखादा गाळाही हेरून ठेवलेला असतो. हिशोब त्याच्या मते सोपा आहे. गाडी आली, जुनं ऑइल काढलं, नवं टाकलं, दहा मिनिटांत पैसे खिशात.

भांडवलाचं बोलू, पण आधी माझीच एक गोष्ट ऐका.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी माझी स्कूटर अशाच एका झटपट ऑइल चेंजच्या दुकानात दिली. दुकानाचं नाव सांगत नाही, आता ते बंदही झालंय. गर्दी होती, दोन मुलं धावपळ करत होती. आठ मिनिटांत गाडी हातात मिळाली आणि मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याला निघालो. बुटीबोरीच्या थोडं अलीकडे गाडी जड पडायला लागली, मग खटखट आवाज आला आणि इंजिन जाम. खाली वाकून बघतो तर ड्रेन बोल्टच नाही. हातानं लावलेला बोल्ट पान्यानं आवळायचा राहिला होता. रस्त्यात तो गळून पडला आणि सगळं ऑइल वर्धा रोडवर सांडलं. अशा गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा दिवा नसतो, त्यामुळे मला कळायला काही मार्गच नव्हता. इंजिनाचं काम नऊ हजारांच्या आसपास गेलं. दुकानात परत गेलो तर उत्तर मिळालं, “हमने तो टाइट किया था भाऊ.” माझ्याकडे ना बिल, ना पावती. भांडणार कशाच्या जोरावर?

त्या मुलाचा हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. बोल्ट हातानं लावला, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्यानं हाक मारली, आणि पाना घ्यायचा राहिला. त्या धंद्यात माझे आठ मिनिटं वाचले, हे मात्र खरं.

या धंद्यात एक मोठी अडचण आहे आणि बहुतेक जण ती लक्षातच घेत नाहीत. तुम्ही जे विकता ते गिऱ्हाईकाला दिसत नाही. केस कापले की आरशात दिसतात. पोहे खाल्ले की चव कळते. ऑइल मात्र इंजिनाच्या पोटात जातं. ते नवं होतं का, पुरेसं टाकलं का, बरोबर ग्रेडचं होतं का, यातलं काहीही त्याला गाडी चालवून कळत नाही. चांगलं काम आणि वाईट काम, दोन्ही पहिल्या दिवशी अगदी सारखंच वाटतं. फरक कळतो तो महिन्यांनी, किंवा माझ्यासारखा बुटीबोरीजवळ. म्हणून गिऱ्हाईक संशयानं बघतं. तो संशय तुमच्यावर नाही, या धंद्याच्या स्वभावातच आहे. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, तो तुमच्या दुकानात गिऱ्हाईकाबरोबरच येणार.

लोकांच्या मनात नेमकं काय चालतं

एखाद्या रविवारी सकाळी गर्दीच्या गॅरेजसमोर तासभर चहा घेत उभे राहा. लोक काय बोलतात ते ऐका.

पहिली शंका बाटलीची. “भाऊ, माल ओरिजिनल आहे ना?” नामांकित कंपनीची रिकामी बाटली भंगारात जाते, तिथून कुणी उचलतं, त्यात कसलंही तेल भरतं आणि नवीन झाकण लावून विकतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. यावर उपाय फुकटात होतो. सीलबंद बाटली गिऱ्हाईकाच्या हातात द्या, सील त्यालाच तोडू द्या. काम झालं की रिकाम्या बाटलीला त्याच्यासमोर पेचकसानं भोक पाडा, मगच भंगाराच्या पोत्यात टाका. भोक पाडलेल्या बाटलीचे भंगारवाला एखादा रुपया कमी देईल. देऊ द्या. ते भोक बघून गिऱ्हाईकाच्या मनात जे बसतं ते हजार रुपयांच्या फ्लेक्सनं बसत नाही.

दुसरी शंका मापाची. इथे मजा उलटी आहे. लोकांना वाटतं की दुकानदार ऑइल वाचवतो. तसं होतंही. पण जास्त टाकल्यानंही नुकसान होतं. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला ऑइल बदलताना पाऊण लिटरच्या आतच लागतं. गिऱ्हाईक लिटरची बाटली घेऊन येतं आणि म्हणतं, “पूर्ण टाका, पैसे दिलेत ना!” तुम्ही त्याच्या समाधानासाठी पूर्ण ओतलं तर इंजिन जड चालतं, सीलवर दाब येतो, जादा तेल ब्रीदरमधून एअर फिल्टरकडे जाऊ शकतं. अशा वेळी उरलेलं ऑइल बाटलीसकट त्याच्या हातात द्या आणि डिपस्टिक दाखवा. डिपस्टिक पुसून, बऱ्याच होंडा-हिरोच्या गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. हे गिऱ्हाईकाला एकदा शिकवलं की तो घरी जाऊन स्वतः बघतो. माप बरोबर निघालं की पुढच्या वेळी येताना शेजाऱ्याला घेऊन येतो.

खुलं ऑइल, म्हणजे ड्रममधून मापानं काढून दिलेलं, स्वस्त पडतं. मार्जिनही बरं सुटतं. माझं मत स्पष्ट आहे, सुरुवातीची दोन वर्षं त्या वाटेला जाऊ नका. ड्रममधलं तेल शंभर टक्के खरं असलं तरी ते तुम्ही सिद्ध कसं करणार?

तिसरी गोष्ट फिल्टरची, आणि ही खरी चीड आणणारी. अ‍ॅक्टिव्हा किंवा स्प्लेंडरसारख्या गाडीला कारसारखा बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतो. स्कूटरमध्ये धुवायची जाळी असते. स्प्लेंडरमध्ये जाळीबरोबर फिरून गाळ बाजूला फेकणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो. तरीही बिलात “ऑइल फिल्टर” असं लिहून शे-दीडशे लावणारे लोक आहेत. आज गिऱ्हाईक देऊन जातं. पण त्याचा भाचा मोबाइलवर व्हिडिओ बघतो आणि मामाला सांगतो, की मामा, तुमच्या गाडीला फिल्टर नाहीच! मग तो मामा अख्ख्या मोहल्ल्यात काय सांगत फिरेल याचा अंदाज करा. पल्सर किंवा बुलेटसारख्या गाडीत जिथे फिल्टर खरंच असतो, तिथे जुना काढलेला त्याच्या समोर ठेवा. काळा, तेलकट, लिबलिबीत असा तो फिल्टर बघून कुणी घासाघीस करत नाही.

चौथी शंका बाहेर बोलली जात नाही. “हा मला महागडं ऑइल का सुचवतोय?” ऑइल कंपन्या मेकॅनिकला बाटलीमागे कूपन किंवा पॉइंट देतात हे लोकांना आता ठाऊक आहे. रोज घर ते सक्करदरा बाजार एवढीच चालणारी शंभर सीसीची गाडी असेल आणि तुम्ही तिला दुप्पट भावाचं सिंथेटिक सुचवलं, तर तुमचे पॉइंट वाढतील, पण माणूस जाईल. पुस्तकात सांगितलंय तेच टाका. कुणाला सिंथेटिक हवंच असेल तर फरक सांगा, निर्णय त्याचा.

एमए, एमबी आणि उन्हाळ्याचं “जाड” ऑइल

इथे थोडं थांबू, कारण गिऱ्हाईकाचे अर्धे गैरसमज आणि तुमच्या हातून होणाऱ्या अर्ध्या चुका इथल्या आहेत.

मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणून तिला लागणारं ऑइल क्लच घसरू देणार नाही असं हवं. बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं ते यासाठी. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच बाहेर, कोरडा असतो. तिला एमबी चालतं, आणि त्यात घर्षण कमी करणारे घटक घातलेले असतात. आता घाईत स्प्लेंडरला स्कूटरचं एमबी ओतलं तर काय होईल? रेस वाढेल, गाडी पळणार नाही. गिऱ्हाईक दोन दिवसांनी येऊन म्हणेल, “ऑइल बदललं आणि पिकअपच गेला.” तुम्ही कार्ब्युरेटर, प्लग सगळं तपासाल आणि चूक बाटलीवरच्या दोन अक्षरांत असेल. कारचं उरलेलं ऑइल बाइकला टाकणारेही असतात. तोच प्रकार.

म्हणून शटर उघडायच्या आधी एक तक्ता करा. तुमच्या भागात फिरणाऱ्या पंचवीस-तीस मॉडेलची नावं, प्रत्येकाचा ग्रेड, एमए की एमबी, आणि ऑइल बदलताना लागणारं माप. हे आकडे त्या त्या गाडीच्या कंपनीच्या पुस्तकातून घ्यायचे, मित्राच्या सांगण्यावरून नाही. बीएस६ आल्यावर काही मॉडेलचं माप बदललंय, त्यामुळे जुन्या आठवणीवर जाऊ नका. तक्ता मोठ्या अक्षरात, गिऱ्हाईक बसतं त्याच्या समोरच्या भिंतीवर लावा. तो तुमच्यासाठी आहे आणि त्याच्यासाठीही. वाचता वाचता माणूस स्वतःची गाडी शोधतोच.

आता आपला नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की लोक म्हणतात, “भाऊ, पातळ नको, जाड ऑइल टाका, गाडी तापते.” ऐकायला बरोबर वाटतं. पण १०डब्ल्यू-३० मधला शेवटचा ३० हा आकडा १०० अंश तापमानाला ऑइल किती घट्ट राहतं त्यावरून ठरतो. चालत्या इंजिनात ऑइल तसंही शंभरच्या आसपास तापतं. बाहेर ३० अंश असो की ४५, इंजिनाच्या आतलं गणित लोकांना वाटतं तेवढं बदलत नाही. स्कूटरला १०डब्ल्यू-३० सांगितलं असताना २०डब्ल्यू-५० ओतलं तर ती जड चालते, अ‍ॅव्हरेज कमी होतं, आणि सकाळी थंड इंजिनात ते ऑइल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. हे सगळं गिऱ्हाईकाला लेक्चरसारखं सांगू नका. “काका, पुस्तकात हेच लिहिलंय, हे बघा” एवढं पुरतं. तक्ता तिथे कामी येतो.

उन्हाळ्याचा खरा परिणाम दुकानाच्या वेळेवर होतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तुमची गाडी चालणार सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. ग्रीन नेट, माठातलं थंड पाणी आणि एक कूलर यांवर खर्च करा. कूलरचं बिल बघून कुरकुरू नका. ज्या माणसाला बसायला सावली नाही, तोच “लवकर करा हो” म्हणून मागे लागतो, आणि त्याच घाईत बोल्ट आवळायचा राहतो.

पावसाळ्याचं वेगळंच. २३ सप्टेंबर २०२३ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. सीताबर्डी, शंकरनगर, कार्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या भागांत उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी ऑइल चेंजचं दुकान म्हणजे अक्षरशः दवाखाना. बुडालेल्या गाडीत पाणी शिरलं की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशी गाडी सेल्फ मारून बघायची नसते, आधी ऑइल काढायचं, एअर फिल्टर आणि प्लग काढून सुकवायचं. एकदा ऑइल बदलून भागत नाही. थोडा वेळ चालवून पुन्हा काढावं लागतं, पांढरट छटा जाईपर्यंत. हे गिऱ्हाईकाला सुरुवातीलाच सांगा, की दोन किंवा तीन वेळा बदलावं लागेल, पहिल्या वेळचं स्वस्तातलं टाकू, खर्च असा असा येईल. नंतर सांगितलं तर तोच माणूस म्हणेल की पुरात हात धुवून घेतले.

झटपट म्हणजे नक्की कुठे झटपट

गाडी लावा, खाली न उतरता ऑइल बदला आणि निघा, ही पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात वाढली. जिफी ल्यूब ही त्यातली प्रसिद्ध साखळी युटा राज्यात १९७१ साली सुरू झाली. आपल्याकडेही तेल कंपन्या आता पेट्रोल पंपांवर असा प्रयोग करतात. जिओ-बीपीच्या पंपांवरची कॅस्ट्रॉलची एक्स्प्रेस ऑइल चेंज केंद्रं हे त्याचंच उदाहरण. तिकडच्या या धंद्यालाही तोच संशय चिकटला. २००६ साली लॉस एंजेलिसच्या केएनबीसी वाहिनीनं छुपे कॅमेरे लावून तिथली काही झटपट दुकानं तपासली, तर पैसे घेतलेली काही कामं केलेलीच नव्हती. म्हणजे हा काही आपल्या गल्लीचा दोष नाही. जिथे काम दिसत नाही तिथे हे होतं.

आता मिनिटांचा हिशोब करू. दुचाकी आली की इंजिन कोमट असतं, ते चांगलं, कारण कोमट ऑइल पूर्ण वाहतं. ड्रेन बोल्ट काढल्यावर पूर्ण निथळायला पाच-सात मिनिटं द्यावीच लागतात. गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी हवी. मग बोल्ट पुसून, नवा वायसर लावून, आधी हातानं आणि मग पान्यानं आवळायचा. जास्त जोर केला तर इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि ते भरून घेण्याचा खर्च तुमच्या बोकांडी. शक्य असेल तर टॉर्क रेंच घ्या. स्वस्तातला मिळतो, आणि त्याची “टक्” गिऱ्हाईकाला ऐकू जाते हा वेगळा फायदा. मग माप करून ऑइल, दोन मिनिटं इंजिन चालू, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, डिपस्टिक. नीट केलं तर पंधरा ते अठरा मिनिटं.

म्हणून बोर्डावर “१० मिनिटांत” असं लिहू नका. “२० मिनिटांत” लिहा आणि सोळाव्या मिनिटाला चावी हातात द्या. दहाचे बारा झाले तर माणूस घड्याळ बघतो, विसाचे सोळा झाले तर थँक्यू म्हणतो.

वेळ वाचवायचा तो कामात नाही, कामाच्या आजूबाजूला. कुठल्याही गॅरेजमध्ये बघा, अर्धा वेळ शोधण्यात जातो. सतराचा पाना कुठाय, नरसाळं कुणी नेलं, त्या ग्रेडची बाटली संपली का, शंभराचे सुटे आहेत का. पाने एका ट्रेमध्ये, बाटल्या ग्रेडप्रमाणे रॅकमध्ये, क्यूआर कोड समोर, आणि ऑइल निथळत असतानाच गाडीचा नंबर व किलोमीटर वहीत. एवढ्यानं प्रत्येक गाडीमागे पाच-सहा मिनिटं वाचतात आणि कामाला धक्का लागत नाही.

आणि एक सवय, माझ्या नऊ हजारांची. बोल्ट आवळला की त्यावर रंगीत मार्करनं एक रेघ मारा, गिऱ्हाईकाला बोलावून दाखवा, मगच ऑइल ओता. रेघ नसेल तर बाटलीचं सील तोडायचं नाही. हेल्पर नवा असो की जुना, नियम एकच.

हिशोब

आता तुमचा भांडवलाचा प्रश्न. पण मी तो उलट्या बाजूनं मांडतो. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या भागातले टाकून पुन्हा मांडा.

समजा एका गाडीमागे मजुरी ६० रुपये आणि ऑइलवर सुटतात ६० रुपये, मिळून १२०. दिवसाला १२ गाड्या, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ३७,४४० रुपये. गाळ्याचं भाडं १०,०००, हेल्पर १२,०००, वीज-चिंध्या-वायसर वगैरे ३,०००, म्हणजे खर्च २५,०००. उरले १२,४४०. यात पोट भरत नाही. आता १८ गाड्या धरा. ५६,१६० येतात, त्याच खर्चात ३१,१६० उरतात. सहा गाड्यांचा फरक आणि उत्पन्न अडीचपट.

आता या गाड्या येणार कुठून? १५ गाड्यांची सरासरी धरली तर वर्षाला ४,६८० ऑइल चेंज. एक माणूस वर्षातून तीनदा आला तर तुम्हाला १,५६० नेहमीची गिऱ्हाइकं लागतात. नुसती येऊन गेलेली नाहीत, परत परत येणारी. आणि एक इंजिन तुमच्या चुकीनं जाम होऊन ९,००० भरावे लागले तर ७५ गाड्यांची कमाई गेली, म्हणजे पाच दिवस फुकट राबलात. त्यात तो माणूस गेला आणि त्यानं सांगितलेले दहा गेले, ते वेगळेच.

वर्षातून तीनदा असं मी मुद्दाम धरलं. कारण इथेच मोह होतो. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात ऑइल बदलायचं अंतर ६,००० किलोमीटरच्या आसपास असतं आणि मध्ये लेव्हल तपासायला सांगतात. गॅरेजवाले सर्रास “दोन हजारला या” म्हणतात. धूळ, ट्रॅफिक, सतत थांबत चालणारी गाडी असेल तर थोडं लवकर बदलणं चूक नाही. पण सगळ्यांना दोन हजार सांगणं ही गिऱ्हाईकाच्या खिशात हात घालण्याची रीत झाली. स्टिकरवर पुस्तकातलं अंतर लिहा आणि त्याखाली “मधे लेव्हल चेक फुकट” असं लिहा. लेव्हल बघायला आलेला माणूस हवा भरतो, चेनला ऑइल मारून घेतो, ब्रेकची केबल बदलतो. तुमच्या दारात तो वर्षातून पाच वेळा आला, तेही खोटं न बोलता.

डिलिव्हरीवाल्या पोरांचा हिशोब वेगळा. दिवसाला शंभर किलोमीटर चालणाऱ्याचे महिन्यात तीन हजार होतात. त्याची गाडी उभी म्हणजे त्याची कमाई बंद. त्याला सकाळी आठला, ऑर्डर सुरू व्हायच्या आधी वेळ द्या. एकाला चांगलं काम दिलंत तर त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले वीस येतात. एकाला फसवलंत तरी त्या वीस जणांना कळतंच.

कारचं काम सुरुवातीला घेऊ नका, असा माझा सल्ला. समृद्धी महामार्ग झाल्यापासून (नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये आणि पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये खुला झाला) लांबच्या प्रवासाआधी गाडी दाखवून घेणारे लोक दिसतात, हे खरं. पण कारला रॅम्प किंवा लिफ्ट लागते, फिल्टरचे शंभर प्रकार ठेवावे लागतात, नव्या डिझेल गाड्यांना वेगळंच ऑइल लागतं, आणि चूक झाली तर रक्कम हजारांत राहत नाही.

तक्रार आली तर

येणारच. पहिलं वाक्य “आम्ही तर टाइट केलं होतं” असं नको. “गाडी कुठे उभी आहे, मी येतो” हे हवं. खूपदा दोष तुमचा नसतो. गॅस्केट आधीच गळत असते, किंवा गाडी दगडावर आपटलेली असते. जाऊन बघितलंत, फोटो काढला, बोल्टवरची रेघ जागेवर दिसली, तर बोलणं दोन मिनिटांत मिटतं. रेघ नसेल तर तुमचीही खात्री पटते, आणि मग पैसे भरायचे. कुरकुर न करता.

बिल प्रत्येकाला द्या, मागितलं नाही तरी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात वस्तू किंवा सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बाटलीवरच्या एमआरपीपेक्षा जास्त घेणं तर कायद्यानं बंदच आहे. तुमची मजुरी वेगळी लिहा. ऑइल अमुक, मजुरी तमुक, वायसर पाच रुपये. गिऱ्हाईकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात करायला फीसुद्धा लागत नाही. हे घाबरवायला सांगत नाही. बिल तुमचंही रक्षण करतं. कोणतं ऑइल, किती किलोमीटरला, कोणत्या तारखेला टाकलं, हे कागदावर असलं की सहा महिन्यांनी उगाच कुणी तुमच्या नावानं खडे फोडू शकत नाही.

जळालेल्या ऑइलचं काय करायचं

दिवसाला पंधरा गाड्या म्हणजे दहा-बारा लिटर काळं तेल. ते नालीत ओतणारे आहेत, सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला नेणारे आहेत, वाळवीसाठी लाकडाला फासणारे आहेत. वापरलेलं ऑइल २०१६च्या घातक कचरा नियमांत मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे नोंदणी असलेले गोळा करणारे आता शोधावे लागतात तेवढे दुर्मीळ नाहीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे, दुकान टाकायच्या आधी तिथे एकदा विचारून या. झाकणाचा ड्रम ठेवा, दिलेल्या प्रत्येक खेपेची पावती ठेवा. गिऱ्हाईकही हे बघतं. दुकानासमोरची नाली काळी दिसली की त्याला वाटतं, माझ्या गाडीशीही हा असाच वागत असेल.

आता पुढचं काम तुमचं. गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी तीन रविवार तीन वेगवेगळ्या दुकानांत स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या गाडीचं ऑइल तपासून घ्या. तुम्ही मेकॅनिक आहात हे सांगू नका. गिऱ्हाईकाच्या स्टुलावर बसा, घड्याळ लावा. सील कुणी तोडलं, बोल्ट कुणी आवळला, डिपस्टिक कुणी दाखवली, बिल मिळालं का, आणि बसल्या बसल्या तुमच्या मनात पहिली शंका कोणत्या मिनिटाला आली, ते वहीत लिहा. ती वही घेऊन या, मग भांडवलाचा कागद आपण सोबत बसून भरू.